लक्सरचा पिरॅमिड: काढता येणारी थीम आणि न काढता येणारा आकार

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला आहात, प्रबंधासाठी ‘थीम हॉटेल’ हा विषय निवडला आहे, आणि मामांकडे अमेरिकेला जाणे झाले तेव्हा लास व्हेगासच्या लक्सर हॉटेलात दोन रात्री राहिलात. बाहेरून काळ्या काचेचा प्रचंड पिरॅमिड, दारात स्फिंक्स. आत मात्र इजिप्तचा मागमूस फारसा नाही, खोलीची खिडकी तिरकी आणि लिफ्टही तिरकी. त्यावरून आपण विचारले आहे की इजिप्तची थीम फसली म्हणून ती काढली का, आणि फसली असेल तर कॅसिनो हॉटेलला थीम देणे ही मुळातच चूक होती, असे प्रबंधात लिहावे का.

मी गेली पंचवीसेक वर्षे हॉटेलांची कामे करतो. त्यातली सहा वर्षे नेवाडा आणि ॲरिझोनात गेली, आणि ती बहुतेक जुन्या हॉटेलांच्या नूतनीकरणात गेली. लक्सरच्या कामात माझा कधीही सहभाग नव्हता. परंतु त्या काळात मी तिथे अनेकदा राहिलो, खोलीत टेप लावून मापे घेतली आणि रात्री उशिरा कॉरिडॉरमध्ये उभा राहून वही भरली. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यात काही भाग सर्वांना उपलब्ध असलेल्या इतिहासाचा आहे आणि काही भाग माझ्या मताचा आहे. मत असेल तिथे तसे स्पष्ट म्हणेन.

आपण ‘थीम असावी की नसावी’ असे विचारता आहात, परंतु थीम इमारतीच्या कोणत्या थरात बसवली आहे, हे आधी पाहावे असे मला वाटते. गालिचे, रंग, मूर्ती आणि भित्तिचित्रे यांत बसवलेली थीम दहा-बारा वर्षांनी उतरवता येते. इमारतीच्या भूमितीत बसवलेली थीम मात्र इमारत पाडल्याशिवाय निघत नाही. लक्सरमध्ये ती दोन्ही थरांत होती. २००७ पासून मालकांनी वरचा थर खरवडून काढला. खालचा अर्थातच जागच्या जागी राहिला. आपल्याला जे विसंगत वाटले, ते या अर्धवट सोलण्यामुळे वाटले.

हे नीट कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. नेवाडात जुगार १९३१ साली कायदेशीर झाला. लास व्हेगास शहराच्या हद्दीबाहेर, लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या महामार्गावर १९४१ साली एल रांचो व्हेगास हे हॉटेल उघडले आणि आज जिला ‘स्ट्रिप’ म्हणतात त्या रस्त्याची सुरुवात झाली. पुढची दोन-अडीच दशके सहारा, सँड्स, ड्यून्स अशी वाळवंटाची आठवण देणारी नावे घेतलेली हॉटेले तिथे उभी राहत गेली. रस्त्याच्या कडेला आकाशात घुसणारी निऑनची पाटी, मागे गाड्यांचे मोठे आवार आणि त्यामागे बहुतेक साधी, बैठी इमारत, अशी त्यांची ठेवण होती. म्हणजे थीम होती ती पाटीवर. १९६८ साली रॉबर्ट व्हेंच्युरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन हे वास्तुविशारद येल विद्यापीठातले विद्यार्थी घेऊन स्ट्रिपचा अभ्यास करायला आले, ते पाटी, गाडी आणि इमारत यांचे हे नाते तपासण्यासाठी. साध्या खोक्याला पाटी आणि सजावट लावली की ती ‘सजवलेली शेड’, आणि इमारतीचा आकारच पाटी झाला की ते ‘बदक’, ही त्यांची विभागणी आपण अभ्यासक्रमात वाचली असेलच. बदक हे नाव लाँग आयलंडवरच्या बदकाच्या आकाराच्या एका दुकानावरून आले. त्या दुकानात बदकेच विकत. लक्सर हे स्ट्रिपवरचे सर्वांत मोठे आणि सर्वांत निर्भेळ बदक आहे. प्रबंधात त्याची जागा ठरवताना हे सूत्र आपल्याला उपयोगी पडेल.

पाटीवरची थीम इमारतीत आणण्याचे श्रेय साधारणपणे जे सार्नो या मोटेल व्यावसायिकाला दिले जाते. त्याचे सीझर्स पॅलेस ५ ऑगस्ट १९६६ रोजी उघडले. १४ मजले, ६८० खोल्या, मेल्विन ग्रॉसमन हे वास्तुविशारद. रस्त्यापासून मागे घेतलेली इमारत, समोर कारंज्यांची आणि सुरूसारख्या उंच झाडांची रांग, आत अंडाकृती जुगारघर आणि रोमन पेहरावातल्या वाढपिणी, अशी त्याची रचना होती. नावातही विचार होता: तो एका सीझरचा राजवाडा नव्हे, येणारा प्रत्येक पाहुणा सीझर आहे, म्हणून इंग्रजी नावातले षष्ठीचे चिन्ह मुद्दाम गाळले. दोन वर्षांनी सार्नोने सर्कस सर्कस काढले, जिथे जुगाराच्या टेबलांवर झुल्यांवरचे कसरतपटू झेपावत. ते त्याच्या हातून नीट चालले नाही आणि १९७४ मध्ये विल्यम बेनेट आणि विल्यम पेनिंग्टन यांनी ते चालवायला घेतले. त्यांनी मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल असा खोलीचा दर आणि स्वस्त, भरपूर जेवण हे धोरण धरले. याच कंपनीने १९९० मध्ये किल्ल्याच्या आकाराचे एक्सकॅलिबर आणि १९९३ मध्ये लक्सर बांधले. लक्सरमागचे गणित समजायचे तर ही वंशावळ लक्षात ठेवावी लागते, कारण तो पिरॅमिड मध्यमवर्गीय पाहुण्यांसाठी बांधलेला होता, श्रीमंतांसाठी नव्हे.

हे नेमके त्या काळात का घडले, याचे कारण बाजारात आहे. १९७८ साली अटलांटिक सिटीत कॅसिनो सुरू झाले. १९८८ च्या संघराज्य कायद्यानंतर मूळ अमेरिकन जमातींच्या भूमीवर देशभर कॅसिनो निघू लागले. जुगार घराजवळ मिळू लागला, तेव्हा लोकांनी वाळवंटात विमानाने का यावे, या प्रश्नाला उत्तर हवे होते. कॅसिनो व्यावसायिक स्टीव्ह विन यांच्या मिराज हॉटेलने १९८९ मध्ये ते दिले: रस्त्यावर उफाळणारा कृत्रिम ज्वालामुखी, पांढरे वाघ, ३,००० हून अधिक खोल्या. त्यानंतर प्रत्येक कंपनीला आपला ज्वालामुखी हवासा झाला. १९९३ च्या १५ ऑक्टोबरला लक्सर, २७ ऑक्टोबरला ट्रेझर आयलंड आणि १८ डिसेंबरला एमजीएम ग्रँड, अशी तीन अवाढव्य हॉटेले जेमतेम नऊ आठवड्यांत एकाच रस्त्यावर उघडली. अशा गर्दीत दोन मैलांवरून ओळखू येणारा आकार ही चैन नव्हती, गरज होती.

आता मुख्य भाग, भूमिती. लक्सरचे वास्तुविशारद वेल्डन सिम्पसन. एक्सकॅलिबर आणि एमजीएम ग्रँडही त्यांचेच. अंतर्गत सजावट चार्ल्स सिल्व्हरमन यांची. खर्च सुमारे ३७.५ कोटी डॉलर, मजले ३०, उंची ३५० फूट म्हणजे साधारण १०७ मीटर, आणि सुरुवातीला खोल्या सुमारे २,५००. गिझाचा खुफूचा पिरॅमिड मुळात सुमारे १४६ मीटर उंच होता, म्हणजे ही मूळच्या पाऊणपट उंचीची आकृती आहे. परंतु मूळ पिरॅमिड भरीव आहे आणि हा पोकळ. खोल्या चारही तिरक्या बाजूंना चिकटून, साधारण एका खोलीच्या जाडीच्या कवचासारख्या बसवल्या आहेत. मधला भाग एक अखंड एट्रियम, म्हणजे तळापासून वरपर्यंत मोकळी पोकळी आहे. त्याचे घनफळ २.९ कोटी घनफूट सांगितले जाई आणि उद्घाटनाच्या वेळी ते जगातले सर्वांत मोठे एट्रियम म्हणून मिरवले गेले.

या एका निर्णयाची किंमत पाहा. शाळेतले सूत्र आहे की पिरॅमिडचे घनफळ त्याच पायाच्या आणि त्याच उंचीच्या खोक्याच्या एक तृतीयांश असते. म्हणजे जमिनीचा जेवढा तुकडा व्यापला, त्यावरच्या आकाशाचा दोन तृतीयांश भाग आपण आधीच सोडून दिला. उरलेल्या एक तृतीयांशातलाही गाभा एट्रियमला दिला. त्यातच नेहमीच्या हॉटेलात कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना खोल्या असतात, इथे एकाच बाजूला आहेत. दुसऱ्या बाजूला कठडा आणि खाली पोकळी. म्हणजे तेवढ्याच खोल्यांसाठी जवळजवळ दुप्पट कॉरिडॉर बांधायचा, गालिचा घालायचा, उजळायचा आणि रोज झाडायचा. वर जावे तसतशा प्रत्येक मजल्यावरच्या खोल्या कमी होतात, परंतु लिफ्ट, आगीचे जिने आणि पाण्याचे नळ तिथपर्यंत न्यावेच लागतात. मिराजचा तीन पंखांचा साधा टॉवर याच्या नेमका उलट आहे: कुठल्याही लिफ्टपासून कुठल्याही खोलीला चालणे कमी, कॉरिडॉर दोन्ही बाजूंनी भरलेला. दोन्हींचे एका मजल्याचे प्लॅन शेजारी ठेवून पाहा, मी काय म्हणतो ते दोन मिनिटांत दिसेल.

लिफ्टची गोष्ट मला फार आवडते, कारण तिथे भूमिती अंगाला जाणवते. पिरॅमिडच्या आत उभी लिफ्ट लावली तर ती मधोमध, सर्व खोल्यांपासून दूर पडते. म्हणून लिफ्ट चार कोपऱ्यांतल्या कडांवरून ३९ अंशांच्या उतारावर चढवल्या आहेत. आता हे ३९ अंश बाजूच्या उताराचे नाहीत. चौरस पायाच्या पिरॅमिडची कड नेहमी बाजूपेक्षा सौम्य असते, कारण तेवढीच उंची गाठायला तिला कर्णाच्या दिशेने लांबचे अंतर मिळते. कड ३९ अंश असेल तर बाजू साधारण ४९ अंश येते. खुफूच्या पिरॅमिडची बाजू जवळजवळ ५२ अंश आणि कड ४२ अंश आहे. या दोन कोनांची गल्लत झाली की पिरॅमिडचा सगळा सेक्शन, म्हणजे उभा छेद, चुकतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

त्या लिफ्टमध्ये पहिल्यांदा चढलो तेव्हा माझ्यासोबत एक वयस्कर बाई आणि त्यांचा नातू होता. कॅबिनची जमीन सपाट असते, त्यामुळे दार बंद होईपर्यंत काहीच वेगळे वाटत नाही. मग लिफ्ट निघते आणि वर जाण्याबरोबर आडवीही सरकते. पाय जागेवर राहतात आणि कंबरेपासून वरचे शरीर एका बाजूला ओढले जाते. बाईंनी झटकन कठडा धरला. माझी चाकांची बॅग हळूच दोन बोटे सरकून त्यांच्या पायाला लागली. नातू मात्र खूश होता. तीस सेकंदांचा तो प्रवास मला त्या हॉटेलातला सर्वांत प्रामाणिक अनुभव वाटतो. तिथे एकही चित्र नाही, एकही मूर्ती नाही, तरी आपण पिरॅमिडच्या कडेवरून चढतो आहोत हे शरीराला कळते. २००७ नंतरही तो अनुभव कोणी काढून घेऊ शकले नाही.

खोलीच्या खिडकीबद्दल आपण लिहिले आहे, तिचे कारणही हेच. बाहेरची भिंत जमिनीशी ४९ अंशांचा कोन करून आत झुकते. खोलीत शिरल्यावर काचेकडे चालत गेले की कपाळ आधी काचेशी पोहोचते आणि पाय मागे राहतात. पडदा गुरुत्वाकर्षणाने सरळच लोंबतो, म्हणून वरच्या टोकाला तो काचेला टेकतो आणि खाली काच व पडदा यांच्यात पाचरीसारखी जागा उरते. त्या पाचरीत खुर्ची बसत नाही, कपाट उभे राहत नाही. कागदावर ती चटईक्षेत्रात मोजली जाते, परंतु पाहुण्याला ती मिळत नाही. उन्हाचा हिशेबही वेगळा होतो. लास व्हेगास ३६ उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ७७ अंशांवर असतो. दक्षिणेच्या उभ्या काचेवर तो अगदी कडेने पडतो. त्याच दिशेच्या, ४९ अंशांनी झुकलेल्या काचेवर मात्र थेट उन्हाचा भार तिप्पटीहून अधिक येतो. वाळवंटात काच झुकवली की गडद काच आणि मोठी वातानुकूलन यंत्रणा ओघानेच आली. काळा रंग दिसायला भारदस्त आहे, परंतु त्यामागे असा व्यवहारही असतो.

एट्रियमविषयी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. २१ नोव्हेंबर १९८० रोजी लास व्हेगासच्या तेव्हाच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग लागून ८५ माणसे दगावली. आग प्रामुख्याने तळमजल्यावर होती. बहुसंख्य मृत्यू वरच्या मजल्यांवर धुराने झाले. त्यानंतर नेवाडाने उंच हॉटेलांसाठी स्प्रिंकलर आणि धूरनियंत्रणाचे नियम कडक केले. आता कल्पना करा की खाली कॅसिनो आहे, वर तीस मजल्यांची उघडी पोकळी आहे आणि सगळे कॉरिडॉर त्या पोकळीकडे उघडतात. अशा इमारतीत धूर बाहेर खेचणारे पंखे, ताज्या हवेचे मार्ग आणि जिन्यांतला दाब हे वास्तुविशारदाने पहिल्या रेखाटनापासून धरून चालायचे असतात. आपण प्रबंधात एट्रियम दाखवणार असाल तर धूर कुठून जाणार हे त्याच सेक्शनवर बाणाने दाखवा. परीक्षकांनी विचारले नाही तरी दाखवा.

आतापर्यंतचे आवरून सांगायचे तर, आकाराने लक्सरला रस्त्यावर ओळख दिली आणि तिची किंमत खोल्या, कॉरिडॉर आणि यंत्रणा यांनी मोजली. ही किंमत किती खुपली असावी, याचा एक ठोस पुरावा उभा आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणखी सुमारे २,००० खोल्या हव्या झाल्या, तेव्हा पिरॅमिड वाढवता येईना, कारण पूर्ण झालेल्या पिरॅमिडला वाढवण्याची जागाच नसते. मग शेजारी पायऱ्यापायऱ्यांचे दोन टॉवर बांधले. त्यांतल्या खिडक्या सरळ आहेत.

आता वरचा थर, म्हणजे सजावट. नावापासून सुरुवात करू. लक्सर हे नाईलकाठचे शहर, प्राचीन थीब्ज. तिथे कर्नाकचे मंदिर आहे, पलीकडच्या तीरावर राजांचे खोरे आहे, परंतु पिरॅमिड नाहीत. ते आणि स्फिंक्स शेकडो किलोमीटर उत्तरेला गिझाला आहेत. खुफूचा पिरॅमिड इसवी सनापूर्वी सव्वीसाव्या शतकातला, तर हॉटेलात ज्याच्या थडग्याची प्रतिकृती होती तो राजा तुतनखामुन चौदाव्या शतकातला. मधे बाराशे वर्षे गेली. आपल्याकडे कोणी कार्ल्याचे लेणे, देवगिरीचा किल्ला आणि शनिवारवाडा एकाच आवारात बांधून त्याला पैठण नाव द्यावे, तसा हा प्रकार आहे. दारातला स्फिंक्स ११० फूट उंच, मूळ स्फिंक्सच्या दीडपटीहून मोठा. त्याच्या पोटाखालून गाड्या आत येतात, कारण तो प्रत्यक्षात पोर्च आहे. समोर १४० फुटांचा ओबेलिस्क, म्हणजे वर निमुळता होणारा चौकोनी स्तंभ, आणि त्यावर हॉटेलचे नाव, म्हणजे जुन्या निऑन पाटीचाच वंशज.

यावर नाक मुरडणे सोपे आहे, परंतु मी तसे करणार नाही. थीम हॉटेल संग्रहालय नसते आणि पाहुण्याला बाराशे वर्षांचा फरक शिकवणे हे त्याचे काम नव्हते. तरीही एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. तुतनखामुनच्या थडग्याची प्रतिकृती १९२२ साली पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर यांना ते जसे सापडले तशी, वस्तूंच्या पसाऱ्यासह मांडली होती. ते काम इतके काळजीपूर्वक केले होते की हॉटेलला ते नको झाले, तेव्हा लास व्हेगासच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने त्यातल्या वस्तू घेतल्या आणि त्या आज तिथे पाहता येतात. मन लावून केलेल्या प्रतिकृतीला दुसरे घर मिळते. फायबरच्या राक्षसी मूर्तींना ते सहसा मिळत नाही.

उद्घाटनाच्या वेळी आत एक ‘नाईल’ही होती, कॅसिनोभोवती कालवा आणि त्यात नावा. १९९६ च्या नूतनीकरणात ती काढली. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. कॅसिनोच्या मजल्यावर माणसाने न अडखळता दारापासून टेबलापर्यंत, टेबलापासून जेवणापर्यंत आणि तिथून लिफ्टपर्यंत जावे लागते. कालव्याने हा ओघ प्रत्येक ठिकाणी तोडला असता; पूल आले की चढउतार आले, रांग आली, आणि पाण्याची देखभाल रोजचीच. तीन वर्षांनी, १९९९ मध्ये व्हेनिशियन हॉटेलने कालवा बांधला तो दुकानांच्या वरच्या मजल्यावर, जिथे लोक मुळातच रेंगाळायला येतात. कल्पना तीच, जागा बदलली आणि ती तगली. २००७ मध्ये मकाऊच्या व्हेनिशियनमध्येही तीच पुन्हा वापरली गेली.

मग २००७ मध्ये लक्सरला काय झाले? ते बांधणारी कंपनी १९९९ मध्ये नाव बदलून मँडले रिसॉर्ट ग्रुप झाली होती. २००५ मध्ये एमजीएम मिराजने ती विकत घेतली. आता एकाच मालकाच्या हाती त्या रस्त्यावरची अनेक हॉटेले आली आणि प्रत्येकाला वेगळा गिऱ्हाईक ठरवून देणे भाग पडले. दुसरीकडे, १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून स्ट्रिपवरच्या मोठ्या हॉटेलांचे निम्म्याहून अधिक उत्पन्न जुगाराबाहेरून, म्हणजे खोल्या, जेवण, मद्य आणि कार्यक्रम यांतून येऊ लागले होते. लक्सरचा रोख मुलाबाळांच्या कुटुंबाकडून नाइटक्लबला जाणाऱ्या तरुणांकडे वळवायचे ठरले. २००७ च्या जुलैमध्ये सुमारे ३० कोटी डॉलरचे नूतनीकरण जाहीर झाले आणि सार्वजनिक भागांतली बहुतेक इजिप्शियन सजावट गेली. पुढच्या वर्षी टायटॅनिक जहाजातून काढलेल्या वस्तूंचे प्रदर्शन तिथे आले.

म्हणजे थीम फसली होती का? माझे उत्तर: तिचे गिऱ्हाईक बदलले. चौदा वर्षे हे कॅसिनोच्या आतल्या सजावटीचे चांगले आयुष्य आहे. तोवर गालिचे दोन-तीनदा बदललेले असतात. त्यामुळे सजावट उतरवणे हा गुन्हा नव्हता. चूक माझ्या मते पुढची आहे. वरचा थर काढताना खालच्या थराकडे कोणी पाहिलेच नाही. तो आकार, ती पोकळी, त्या झुकलेल्या भिंती यांना शोभेल अशी, इजिप्तची नक्कल न करणारी परंतु पिरॅमिडचे भान असणारी सजावट करता आली असती: उजेड वरून खाली आणणारी, कोपऱ्यांच्या कडा दाखवणारी, दगडी वजनाची. त्याऐवजी कुठल्याही हॉटेलात शोभतील असे बार आणि क्लब खोक्यांसारखे आत ठेवले गेले. सोळाव्या मजल्याच्या कठड्याशी उभे राहिले की हे स्पष्ट दिसते. इथे प्रत्येक वरचा कॉरिडॉर खालच्याच्या पुढे येतो, त्यामुळे नजर सरळ तळाशी जाते, आणि तळाशी दिसतात त्या खोक्यांची छते: पत्र्याचे एसीचे पाइप, वायरी, धूळ. खालून ती दिसत नाहीत. परंतु ज्या इमारतीत अडीच हजार खोल्या एट्रियमकडे दार करून आहेत, तिथे छत हीच दर्शनी बाजू आहे.

माझ्या इथल्या कामातले एक उदाहरण देतो. पुण्याजवळचे एक हॉटेल राजपूत किल्ल्याच्या धर्तीवर बांधलेले होते आणि नव्या मालकाला ते साधे, आधुनिक करून हवे होते. गुलाबी प्लास्टर, झरोके आणि कमानी आम्ही सहा आठवड्यांत उतरवल्या. परंतु आधीच्या आराखड्यात बुरुजांमधल्या खोल्या अष्टकोनी होत्या. आमचे सुतार पहिल्या खोलीत पलंग घेऊन शिरले आणि जरा वेळाने बाहेर येऊन म्हणाले, “साहेब, पलंगाला पाठ टेकायला भिंतच नाही.” त्या एका अडचणीवर आम्ही उरलेले सगळे काम पुन्हा आखले. तेव्हापासून थीमचे काम आले की मी मालकाला आधी विचारतो, हे हॉटेल आपण किती वर्षे ठेवणार आणि आपल्यानंतर ते कोण घेईल. पाच वर्षांत विकायचे असेल तर थीम कापडात आणि रंगात ठेवावी. पन्नास वर्षे ठेवायचे असेल, रस्ता गर्दीचा असेल आणि ओळखच विकायची असेल, तर आकाराचा विचार करावा, मात्र खोली चौकोनी राहील असा.

हा शेवटचा मार्ग लास व्हेगासमध्येच पुढे सापडला, आणि आपल्या प्रबंधाला तो उपयोगी आहे. १९९७ च्या न्यूयॉर्क-न्यूयॉर्क हॉटेलमध्ये बाहेरून गगनचुंबी इमारतींची रांग दिसते. आतल्या खोल्या नेहमीच्या आहेत. १९९९ च्या पॅरिस हॉटेलमध्ये निम्म्या मापाचा, ५४० फुटांचा आयफेल टॉवर स्वतंत्र उभा आहे, त्याचे पाय कॅसिनोत उतरतात आणि हॉटेलचा टॉवर मागे निमूट आपले काम करतो. ही हॉटेले आजही आपापल्या थीमसह चालू आहेत, कारण थीम आणि खोली यांनी एकमेकांना अडवले नाही. त्यांच्यापुढे लक्सर कमी पडते, असे हिशेबाने म्हणता येईल. तरीही रात्री विमान उतरताना ज्या इमारतीकडे सगळे बोट दाखवतात ती लक्सर आहे. शिखरावर प्रत्येकी ७,००० वॅटचे ३९ झेनॉन दिवे बसवलेले आहेत. सगळे लावले तर २७३ किलोवॅट होतात. त्या झोतात उन्हाळ्यात किडे जमतात, किड्यांमागे वटवाघळे येतात आणि त्यांच्यामागे घुबडे. २०१९ च्या उन्हाळ्यात शहरावर नाकतोड्यांची लाट आली, तेव्हा तो झोत चालत्या बर्फासारखा दिसत होता.

गोव्यात असे काही होईल का, असेही आपण शेवटी विचारले आहे. तिथे कायदाच आकार ठरवतो. गोव्याच्या १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक यंत्रांना आणि पुढे १९९६ साली जहाजावरच्या खेळांना सूट मिळाली, म्हणून टेबलांचे कॅसिनो मांडवीत तरंगतात आणि त्यांना थीम द्यायची ती जहाजाच्या मापातच. महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनोविषयक कायदा कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. त्यामुळे आपल्या प्रबंधाची साइट आपल्याकडची असेल तर कॅसिनो वगळून केवळ थीम हॉटेल घ्यावे, असे मी सुचवेन.

कामाला लागताना आधी प्लॅन काढू नका, सेक्शन काढा. उंची १०७ मीटर धरा, कड ३९ अंशांवर ठेवा, त्यावरून पायाची बाजू स्वतः काढा. ती साधारण १८५ मीटरच्या आसपास यायला हवी. मग बाजूच्या उताराला चिकटून एक खोली, तिच्या आत कॉरिडॉर आणि कठडा मांडा, आणि पाचव्या, पंधराव्या व पंचविसाव्या मजल्यावर किती खोल्या बसतात ते मोजून पाहा. त्याच पायावर साधा तीन पंखांचा टॉवर ठेवून तेच पुन्हा मोजा. दोन्ही आकडे आणि दोन्ही सेक्शन इथे टाकलेत तर मी पाहून देईन. खिडकीच्या पाचरीची मापे माझ्या वहीत आहेत, तीही शोधून ठेवतो.